पिवळा गोफ काळा दिसतो

दीड वर्षापूर्वी लेस्टरजवळच्या एका रविवारच्या जुन्या बाजारात मी बारा पौंडांना एक फोटो विकत घेतला. तळहातावर मावेल एवढा पुठ्ठा, अडीच इंच रुंद, चार इंच उंच, खालचे दोन्ही कोपरे कुणीतरी कात्रीने तिरके छाटलेले. त्यावर एक सैनिक उभा आहे. तिशीतला असावा. मिशा, दाट कल्ले, डावा हात तलवारीच्या मुठीवर, शेजारच्या तिवईवर केसाळ उंच टोपी. मी तो घेतला तो त्याच्या छातीसाठी. गळ्यापासून कमरेपर्यंत एकाखाली एक सहा आडवे गोफ.

असे गोफ पाहत मी मोठी झाले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पुण्यात रास्ता पेठेत लग्नाच्या बँडवाल्यांचे पोशाख शिवायचे. दिवाळीच्या आधीपासून आमच्या माळ्यावर लाल आणि निळ्या कोटांचे ढीग लागायचे, आणि शाळेतून आल्यावर गोफाच्या गुंतलेल्या लडी सोडवून देणं हे माझं काम असायचं. छातीवर हे गोफ कशासाठी, असं मी कधी विचारलं नव्हतं. बँडवाल्याला असतात, म्हणून असतात. त्या रविवारी तोच नमुना दीडशे वर्षांपूर्वीच्या एका गोऱ्या सैनिकाच्या अंगावर दिसला आणि माझा हात खिशाकडे गेला.

फोटोच्या पाठीवर विक्रेत्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: रायफल व्हॉलंटियर, अधिकारी, १८६० च्या सुमाराचा. स्टुडिओचा छाप असायला हवा तिथे कागद खरवडलेला. घरी येऊन मी वाचलं. १८५९ मध्ये फ्रेंचांच्या हल्ल्याच्या भीतीने इंग्लंडभर स्वयंसेवक सैन्य उभं राहिलं, त्यातल्या रायफलवाल्या तुकड्यांचे गणवेश बरेचदा करडे किंवा गडद हिरवे असत, आणि अधिकाऱ्यांच्या छातीवर काळे गोफ असत. माझ्या फोटोतही अंगरखा मध्यम करडा आणि गोफ जवळजवळ काळे. सगळं जुळत होतं. फोनवरच्या एका ॲपमध्ये तो फोटो घातला तर त्याने अंगरखा हिरवट करडा रंगवून दिला, गोफ काळे. मी ते चित्र अण्णांना पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आता ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर पुन्हा तेज झाली आहे. ते म्हणाले, "रंगीत नको पाठवूस, मूळचं पाठव. मोठं करून." मी पाठवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हा साहेबाचा कोट नाही. गोफ लोकरीचा आहे. साहेबाच्या कोटाला कळाबतू असते, नाहीतर रेशीम. लोकरीचा गोफ फुगून बसतो, त्याला कड नसते. आणि पायाकडे बघ. हा घोड्यावरचा माणूस आहे."

टाचांना काटे होते. मी तीन आठवडे तो फोटो पाहत होते आणि काटे मला दिसले नव्हते. मनगटाच्या वर बाहीवर उलट्या व्हीसारख्या दोन फिती होत्या, त्याही नाहीत. टोक वर असलेल्या त्या फिती चांगल्या वर्तणुकीच्या. वर्षानुवर्षं शिक्षा न होता नोकरी केलेल्या साध्या शिपायाला त्या मिळत, अधिकाऱ्याला कधीच नाही. पाठीवरची पेन्सिल चुकीची होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवून मी बाकीचं सगळं त्या साच्यात बसवून घेतलं होतं.

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी पुठ्ठा. या आकाराच्या फोटोला कार्ट द व्हिझीट म्हणतात. पॅरिसच्या डिसदेरीने १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८६० च्या दशकात इंग्लंडला त्याचं वेड लागलं. कागद अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला. म्हणून त्याला ती पिवळसर तकाकी. माझ्या फोटोचा पुठ्ठा पातळ आहे आणि वरचे दोन कोपरे चौकोनी आहेत. गोल कोपरे १८७० च्या पुढे रुळले, जाड पुठ्ठा आणि सोनेरी कडा त्याहूनही नंतर. खालचे कोपरे छाटलेत ते अल्बमच्या खाचेत सरकवायला सोपं जावं म्हणून. सैनिकाच्या बुटांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसतो. मान हलू नये म्हणून मागून चिमटा लावत, त्याचा तो पाय. एवढ्यावरून १८६० चं दशक मानायला हरकत नव्हती. पण स्वार कुठल्या रेजिमेंटचा, हे पुठ्ठा सांगत नाही.

ते सांगतो रंग, आणि रंगच तर फोटोत नव्हता.

व्हिक्टोरियाच्या काळातल्या ब्रिटिश घोडदळात रंग म्हणजे जवळजवळ नावच. ड्रगून गार्ड्स आणि ड्रगून लाल अंगरख्यात, अपवाद फक्त ६व्या ड्रगून गार्ड्सचा, ते निळे. लान्सर निळे, अपवाद १६व्या लान्सर्सचा, ते लाल. हुसार सगळे गडद निळे, छातीवर पिवळे गोफ. ११व्या हुसार्सच्या विजारी तेवढ्या किरमिजी. हे पाठ करायला दोन दिवस पुरतात. पण करड्या छटांच्या फोटोसमोर ते पाठांतर निरुपयोगी आहे, आणि त्याचं कारण मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं. पुस्तक म्हणतं, त्या काळची काच निळ्या रंगाला संवेदनशील होती, लाल-पिवळ्याला आंधळी. वाक्य सरळ आहे. पण पिवळा, म्हणजे झेंडूचा पिवळा, काळा दिसेल, हे डोळा मान्य करत नाही.

म्हणून मी वेट प्लेटच्या, म्हणजे ओल्या काचेवर फोटो काढायच्या जुन्या पद्धतीच्या, एका दिवसाच्या कार्यशाळेत नाव घातलं. आणि अण्णांना सांगितलं, मला तुकडे पाठवा.

त्यांनी जे पाठवलं ते मी अजून जपून ठेवलं आहे. एका पुठ्ठ्यावर ओळीने शिवलेले लोकरी कापडाचे तुकडे: बँडचा लाल, गडद निळा, किरमिजी, काळा, पांढरा. निळ्या तुकड्यावर पिवळा लोकरी गोफ वळवून लावलेला, त्याच्या शेजारी तसाच गोफ खऱ्या जरीचा. आणि खाली तीन छोट्या फिती. त्याबद्दल मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, कारण माझ्या सैनिकाच्या छातीवर तीन पदकं आहेत. पहिली फीत फिकट निळी, कडा पिवळ्या. दुसरी पांढरी, तिच्यावर दोन लाल उभे पट्टे. तिसरी किरमिजी, कडा हिरव्या. रशियाविरुद्धच्या क्रिमिया युद्धाचं ब्रिटिश पदक, १८५७-५८ च्या हिंदुस्थानातल्या उठावाचं पदक, आणि तुर्की सुलतानाने क्रिमियासाठी दिलेलं पदक, या तिघांच्या फितींचे रंग मी वाचून काढले होते. नुसता अंदाज होता, पण तपासायचा होता.

ही कृती फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जगासमोर ठेवली, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं बहुतेक फोटो असेच निघाले. आम्ही काचेऐवजी काळा लाख दिलेला पत्रा वापरला. त्यावर कोलोडियन ओतायचं. मधासारखा दाट द्रव, ईथरचा वास डोक्यात जातो. पत्रा चारी कोपऱ्यांकडे कलवत तो सारखा पसरवायचा आणि उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचा. चिकटपणा येताच सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत तीनेक मिनिटं बुडवायचा. हे सगळं लाल दिव्यात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "या पत्र्याला लाल दिसतच नाही, म्हणून लाल दिवा चालतो." त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं. ज्या प्रकाशात आम्ही चौघं एकमेकांचे चेहरे बघत होतो, तो त्या पत्र्यासाठी मिट्ट काळोख होता. लाल अंगरखा त्याच्यासमोर उभा केला तर त्याला काय दिसणार?

अण्णांचा पुठ्ठा उत्तरेकडच्या खिडकीत उभा केला. सात सेकंद. पत्रा ओला असेपर्यंतच सगळं करायचं असतं, त्यामुळे धावत अंधाऱ्या खोलीत. त्यावर हिराकशीचं डेव्हलपर एका झटक्यात फिरवायचं, पंधरा सेकंदांत पाणी. चित्र तेव्हा निळसर, धुरकट, उलटं दिसतं. मग हायपोच्या ताटात ठेवलं की धुकं विरतं आणि आतून खरं चित्र वर येतं.

लाल तुकडा काळ्या तुकड्याशेजारी होता. दोन्हींत फरक सांगता येत नव्हता. गडद निळा त्या दोघांपेक्षा उघडच फिका. आणि निळ्यावरचा पिवळा गोफ काळा. करडा नाही, काळा. त्याच्या शेजारचा जरीचा गोफ मात्र वळणावळणावर चमकला होता, कारण जर हा धातू आहे, तो रंग दाखवत नाही, उजेड परतवतो. अण्णांनी दोन मिनिटांत जे ओळखलं होतं ते पत्र्याने सात सेकंदांत सांगितलं. साहेबाची कळाबतू चकाकते, शिपायाचा पिवळा लोकरी गोफ काळवंडतो.

फितींकडे पाहायला मला वेळ लागला, कारण हात थरथरत होता. फिकट निळी फीत जवळजवळ पांढरी झाली होती आणि तिच्या पिवळ्या कडा काळ्या रेघा झाल्या होत्या. पांढऱ्यावरचे दोन लाल पट्टे काळे. तिसरी सबंध काळी. पर्समधून माझ्या फोटोचा मोठा केलेला प्रिंट काढून मी शेजारी ठेवला. पांढरी फीत, काळ्या कडा. पांढरी फीत, दोन काळे पट्टे. सबंध काळी फीत. तीनही तशाच.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. अण्णांच्या कापडाचे रंग आजचे, कारखान्यातले. त्या सैनिकाचा निळा अंगरखा नीळ घालून रंगवलेला. त्यामुळे नेमकी छटा ताडून पाहण्यात अर्थ नाही. किती गडद हे विचारायचं नाही, कशाहून गडद एवढंच विचारायचं. दुसरं, पत्र्यावरचा फोटो आरशासारखा उलटा येतो. अण्णांच्या पुठ्ठ्यावर डावीकडे असलेला लाल तुकडा माझ्या पत्र्यावर उजवीकडे आहे. काचेच्या निगेटिव्हवरून कागदावर छापलेला कार्ट मात्र सुलटा असतो. पत्र्यावरचा जुना स्वार पाहताना आधी काजं पाहावीत. पुरुषाच्या कोटाचा डावा पल्ला उजव्यावर येतो. फोटोत उलट दिसलं, तर तलवारही उलट्या बाजूला दिसणार आणि बाहीवरच्या खुणाही.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी मिळेल तिथे घोडदळाचे जुने फोटो पाहत बसले. संग्रहालयांनी कितीतरी फोटो सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. १८७१ च्या नमुन्याची ड्रगून गार्ड्सची शिरस्त्राणं पितळी, ड्रगूनची पांढऱ्या धातूची, हा फरक बरेचदा दिसतो. पण तुरे फसवतात. १ल्या किंग्ज ड्रगून गार्ड्सचा तुरा लाल, २ऱ्यांचा, ज्यांना बेज म्हणत त्यांचा, काळा. जुन्या काचेवर दोन्ही सारखे. लाल आणि पांढरा मिसळलेला ५व्यांचा तुरा आणि काळा-पांढरा ७व्यांचा तुरा यांचीही तीच गत. तिथे गळपट्टीचा रंग बघायचा, तोही फसला तर बटणं, पट्ट्याचं बकल. उलट १७वे लान्सर लांबूनही ओळखू येतात, कारण त्यांच्या विजारीवरचे दुहेरी पट्टे पांढरे, ते लख्ख उमटतात. बाकीच्या लान्सर आणि हुसारांचे बहुतेक पट्टे पिवळे, ते निळ्या विजारीत जेमतेम दिसतात. १८८० च्या दशकात पिवळ्या-हिरव्यालाही ओळखणाऱ्या काचा बाजारात आल्या, त्यामुळे तोच पट्टा पुढच्या एखाद्या फोटोत बराच उजळ दिसू शकतो. फोटोची तारीख माहीत नसेल तर रंगाबद्दल बोलूच नये, या मताला मी आले. तारखेसाठी अधिकाऱ्यांच्या फोटोत एक सोपी खूण आहे. हुद्द्याचे तारे आणि मुकुट १८८० पर्यंत गळपट्टीवर, त्यानंतर खांद्यावर.

एवढा डोळा तयार झाल्यावर मी माझ्या माणसाकडे परतले. आता तो मला निळ्या अंगरख्यात दिसत होता, पिवळ्या गोफांसह. हुसार. तिवईवरच्या टोपीला बझबी म्हणतात. तिच्या एका बाजूने लोंबणारी कापडी पिशवी फोटोत गडद आहे, म्हणजे लाल, किरमिजी किंवा पिवळी, यांतली कुठलीही. पण बझबीवरचा तुरा अर्धा गडद आणि अर्धा पांढरा आहे. दुरंगी तुरा असलेल्या हुसार रेजिमेंटी मोजक्या होत्या: ८वी, १०वी, ११वी, १८वी. ११वीची किरमिजी विजार अंगरख्याहून काळी आली असती; माझ्या माणसाची विजार अंगरख्याच्याच छटेची आहे. १८वी पुन्हा उभी राहिली तीच १८५८ मध्ये, तिला क्रिमिया नाही. १०वी क्रिमियाला उशिरा, १८५५ मध्ये पोचली, आणि हिंदुस्थानातल्या उठावात नव्हती. क्रिमिया आणि उठाव दोन्हीकडे लढलेली हुसार रेजिमेंट एकच: ८वी, किंग्ज रॉयल आयरिश हुसार्स.

सैनिक एका रेजिमेंटमधून दुसरीत जात आणि पदकं बरोबर नेत, म्हणून नुसत्या पदकांवर मी विसंबले नसते. पण तुरा, विजार आणि पदकं तिन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवत होती.

आणि ते नाव वाचून मी खुर्चीवरून उठले. लॅपटॉप मिटला, खिडकीशी जाऊन उभी राहिले.

८वी हुसार्स मी आधीही पाहिली होती. रॉजर फेंटन १८५५ मध्ये दारूच्या व्यापाऱ्याची गाडी विकत घेऊन, तिची अंधारी खोली करून क्रिमियाला गेला आणि साडेतीनशेहून जास्त फोटो घेऊन परतला. त्यांतला एक ८व्या हुसार्सच्या स्वयंपाकाच्या जागेचा. चुलीभोवती माणसं, कुणी बसलेलं, कुणी उभं, हातात भांडी. परेडचा रुबाब त्यात कुठेच नाही. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात, २५ ऑक्टोबर १८५४ ला, बालाक्लावाला लाइट ब्रिगेडच्या पाच रेजिमेंटी रशियन तोफांवर चालून गेल्या, त्यांत ही होती. तो फोटो मी मोठा करून कितीदा तरी पाहिला होता, कोणाच्या टोपीचा काठ कसा आहे ते बघायला.

पण मी उठले ते त्या फोटोसाठी नाही. १७ जून १८५८ ला ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे राणी लक्ष्मीबाई पडली, ती ८व्या हुसार्सच्या धडकेत. कोणाच्या हातून, याच्या साक्षी एकसारख्या नाहीत. बहुतेक वर्णनं एका हुसार स्वाराकडे बोट दाखवतात. त्या एका दिवसाच्या कामगिरीसाठी या रेजिमेंटमधल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रज ब्रिगेडियरच्या अहवालात आहे की उन्हाने आणि थकव्याने धडकेनंतर हुसारांना खोगिरावर बसवत नव्हतं.

आमच्या घरी राणीची तसबीर होती. पाठीवर दामोदर, उगारलेली तलवार, उसळलेला घोडा. चौथीत असताना मी गॅदरिंगला राणी झाले होते. अण्णांनी बँडच्या उरलेल्या जरीतून माझा शेला शिवला होता. त्या नाटकात इंग्रज स्वार म्हणून वर्गातली दोन मुलं अण्णांनी शिवलेले बँडचे लाल कोट घालून उभी होती. त्यांना संवाद नव्हता. माझ्या मनातल्या इंग्रज स्वाराला तेव्हापासून चेहरा नव्हता, फक्त लाल कोट होता. तोसुद्धा चुकीचा, कारण ते हुसार होते, निळे. आता टेबलावर एक चेहरा होता. कल्ले असलेला, जरा दमलेला, डोळे कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे वळलेले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तो त्या दिवशी तिथे होता का, हे मला माहीत नव्हतं. असेल तर तो काय पाहून आला, हे त्याच्या तोंडावर शोधण्याचा मोह मला आवरेना, आणि तो मोह मला बरा वाटेना. फोटोतला पोशाखही त्या दिवसाचा नाही. जूनच्या ग्वाल्हेरात बझबी आणि गोफाचा अंगरखा चढवून कोणी लढत नाही. मोहिमेवरचे कपडे हलके, टोपीवर उन्हासाठी पांढरं आवरण. हा पोशाख स्टुडिओसाठी घातलेला, घरी पाठवायला.

त्याच काळातला एक फोटो त्या दिवसांत मी पुन्हा पुन्हा काढून बघे. फेलिचे बियातोने १८५८ मध्ये लखनौला घेतलेला, हॉडसन्स हॉर्सच्या दोन गोऱ्या अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या शीख स्वारांचा. पागोटी, सैल अंगरखे, कमरेला गुंडाळलेले शेले. गोरे अधिकारीही जवळजवळ त्याच वेषात. असल्या रिसाल्यांत स्वार आपला घोडा आणि हत्यार स्वतः आणायचा, आणि त्या पद्धतीला इंग्रजी कागदपत्रांत नाव होतं ते आपल्याच शिलेदारीचं. शिवकाळापासून मराठी बखरींत येणारा शब्द लंडनच्या कागदांत वाचताना मी दर वेळी थांबते.

शेवटी लंडनमधल्या क्यूला गेले, ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. वाचकाचं कार्ड काढायचं, बॅग लॉकरमध्ये, आत फक्त पेन्सिल. पदकांच्या याद्या डब्ल्यूओ १०० या मालिकेत आहेत, हजेरी आणि पगाराची बाडं डब्ल्यूओ १२ मध्ये. बाडं अवजड, फोमच्या उशीवर ठेवून उघडावी लागतात, आणि पानं उलटताना धूळ बोटांना लागते. ८व्या हुसार्सच्या यादीत नावामागून नाव, प्रत्येकापुढे पट्ट्यांचे, म्हणजे पदकाच्या फितीवर लावायच्या लढाईच्या नावाच्या धातूच्या पट्ट्यांचे, रकाने. क्रिमियाच्या पदकाचे पट्टे ओकच्या पानासारखे घडवलेले असतात, त्यामुळे माझ्या फोटोत ते मोजता येतात: चार. उठावाच्या पदकावर एक. ८व्या हुसार्ससाठी तो एक पट्टा 'सेंट्रल इंडिया'चाच असणार. दोन दिवस मी क्रिमियाचे चार आणि सेंट्रल इंडियाचा एक अशी नावं उतरवून घेतली. वही भरत गेली. बिल्ल्यावर नाव नाही, फोटोवर नाव नाही, स्टुडिओचं गाव कुणीतरी खरवडून टाकलेलं. त्या नावांतला हा कुठला, हे सांगायला काही उरलेलं नाही. रेजिमेंट हिंदुस्थानातून परतली १८६४ मध्ये. पुठ्ठ्याच्या तारखेशी ते जुळतं. एवढंच मिळालं, आणि मी वही मिटली.

परत येताना गाडीतून अण्णांना फोन केला. राणीचं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो फोटो जपून ठेव. टाकू नकोस." मी म्हटलं, "टाकेन कशाला अण्णा?" तर म्हणाले, "तसं नाही. मला तो पुन्हा पाठव. छातीचा भाग फक्त, जमेल तेवढा मोठा."

मी घरी पोचून बाराशे डीपीआयचं स्कॅन पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्याकडे अजून अंधार असताना, त्यांचा कॉल आला. त्यांनी शेजारच्या दुकानातून मोठा प्रिंट काढून आणला होता आणि भिंग घेऊन बसले होते.

"वरून तिसरा गोफ बघ," ते म्हणाले. "डाव्या बाजूचा. बाकीच्यांचे टाके आत दडवलेत, शिंप्याचं काम आहे. याचे टाके वर दिसतात. लांब आहेत, तिरके. गोफ मधेच थोडा ताणलाय, तो तुटून आखूड झाला असणार. हे घाईत केलंय, आणि शिंप्याने केलेलं नाही."

तेव्हाच्या प्रत्येक सैनिकाच्या सामानात सुईदोऱ्याची छोटी गुंडाळी असायची, हे मी त्यांना सांगितलं.

"मग त्यानेच शिवलंय," अण्णा म्हणाले. "फोटो काढायला जायच्या आधी. डावखुरा नाही हं तो. टाके उजवीकडून डावीकडे गेलेत."

मी पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं: ८वी हुसार्स, शिपाई, १८६४ नंतर, नाव नाही. आणि त्याखाली अण्णांच्या शब्दांत: तिसरा गोफ स्वतः शिवलेला.